पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटू नयेत म्हणून

(उपदेशक, बायबल-बाया व कुटुंबप्रमुख ह्यांच्याकरिता आरोग्याचा पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : मार्क ५:२५–३४, यशया ३८:१–५ व २१.



मनुष्याच्या पोटावर शस्त्र चालवून त्यास बरे करिता येते, ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या काळी खेड्यातील लोकांस खरी वाटत नसे. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हा सुरी म्हणजे मरण अशीच लोकांची समजूत होती. आज स्थिती पालटली आहे. ज्या घरात कोणाच्याही पोटावर टाक्यांची खूण नाही असे घर आता विरळा. कोणाचे सिझेरियन झालेले असते, कोणाचे अपेंडिक्स काढलेले असते, कोणाचा हर्निया शिवलेला असतो, आणि कित्येक भगिनींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली असते. ह्या विद्येने असंख्य जीव वाचले आहेत, व त्याबद्दल देवाचे आभार मानणे योग्य आहे.

परंतु पाळक व उपदेशक आजाऱ्यांच्या भेटीस जातात तेव्हा एक प्रश्न त्यांस वारंवार ऐकू येतो. "ऑपरेशन होऊन चार वर्षे झाली, जखम केव्हाच भरली, मग आता पोट का धरते?" ह्याचे एक उत्तर असे की, बाहेरची जखम भरली तरी आत आतडी एकमेकांस किंवा पोटाच्या भिंतीस चिकटलेली असू शकतात. हे चिकटणे कशाने होते, ते कमी कसे करावे, आणि त्यापासून धोका उत्पन्न झाल्यास काय करावे, हे ह्या पाठात पाहू.

१. पोटाची रचना

बोकड कापताना आतड्यांवरचा पातळ, चकचकीत पडदा तुम्ही पाहिला असेल. मनुष्याच्या पोटातही तसेच अस्तर आहे. ते पोटाच्या भिंतीस आतून लागलेले असून आतडी, जठर, गर्भाशय इत्यादी अवयवांवरही पसरलेले आहे. ते सगळे उलगडून पसरले तर अंगावरच्या कातडीएवढे भरेल. ह्या अस्तरावर थोडासा ओलावा सदा असतो, त्यामुळे सुमारे २० फूट लांबीचे लहान आतडे एवढ्याशा जागेत वेटोळे घालून राहते, तरी एक वेटोळे दुसऱ्यावरून सहज सरकते. आपण जेवतो, वाकतो, धावतो, ओझे उचलतो, तरी आत काही अडकत नाही. निर्माणकर्त्याने हे काम इतके गुपचूप चालविले आहे की, ते बिघडेपर्यंत आपणांस त्याची आठवणही होत नाही.

२. चिकटणे म्हणजे काय?

ह्या नाजूक अस्तरास कापल्याने, घासल्याने, कोरडे पडल्याने, भाजल्याने किंवा पू झाल्याने इजा झाली, म्हणजे तेथून पातळ रस पाझरतो. त्या रसात रक्तातील तंतुमय द्रव्य असते, व ते थोड्याच तासांत चिकट जाळ्यासारखे होते. सोलापूरच्या मागावर ताण्यात बाणा भरतो त्याप्रमाणे दोन पृष्ठभागांमध्ये हे तंतू भरतात. हे वाईटासाठी नव्हे. फाटलेले सांधावे व रोग पसरू नये म्हणूनच शरीरास ही शक्ती दिलेली आहे.

काम झाल्यावर हे जाळे विरघळून टाकणारे द्रव्यही शरीरातच असते. ते आपले काम नीट करील तर पहिल्या काही दिवसांत जाळे नाहीसे होते, व सुमारे आठवड्याभरात जखमेवर नवे अस्तर तयार होते. परंतु त्या जागेचा रक्तपुरवठा तुटला असेल, तेथे पू किंवा रक्त साचले असेल, किंवा बाहेरची धूळ, दोरा, कापसाचा तंतू आत राहिला असेल, तर जाळे विरघळत नाही. मग त्यात पेशी व बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि कच्च्या दोऱ्याचा पक्का दोर होतो. ह्यासच बंध किंवा चिकटण म्हणतात. एकदा पक्का झालेला बंध आपोआप जात नाही.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चिकटण होणे किंवा न होणे हे पुष्कळ अंशी शस्त्रक्रियेच्या वेळी व त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ठरते. पुढे वर्षांनी घेतलेले तेल, चूर्ण किंवा काढा तो दोर विरघळवीत नाही.

शस्त्रक्रिया न झालेल्या मनुष्यासही हा विकार होऊ शकतो. पोटाचा क्षय, फुटलेले अपेंडिक्स, व स्त्रियांच्या ओटीपोटातील जुना संसर्ग ही त्याची कारणे होत. म्हणून क्षयाचे औषध मध्येच सोडू नये, व ओटीपोटाचे दुखणे लाजेने लपवू नये.

३. हे किती जणांस होते?

इंग्लंडातील डॉक्टरांनी १९९० साली असे प्रसिद्ध केले की, ज्यांचे पोट पूर्वी एकदा उघडलेले होते अशा रुग्णांपैकी शेकडा ९३ जणांस आत थोडीबहुत चिकटण आढळली. हा आकडा ऐकून भिऊ नये, कारण त्यांतील बहुतेकांस तिचा काही त्रास नसतो व जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. परंतु सगळेच असे सुटत नाहीत. स्कॉटलंडात १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांची पुढील दहा वर्षांची नोंद तपासण्यात आली व १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांस चिकटणीमुळे, किंवा चिकटणीशी ज्याचा संबंध असू शकेल अशा कारणाने, सरासरी दोन वेळा पुन्हा रुग्णालयात जावे लागले. शिवाय ही पाळी पहिल्याच वर्षी आली असे नव्हे, ती दहा वर्षेपर्यंत येत राहिली.

त्रास मुख्यतः चार प्रकारचे. पहिला व सर्वांत धोक्याचा म्हणजे आतड्यास पीळ पडून किंवा ते बंधाखाली दबून वाट बंद होणे. दुसरा, स्त्रीच्या गर्भनलिका चिकटून मूल न होणे. तिसरा, पोटात रेंगाळणारे दुखणे. चौथा, पुढे कधी पुन्हा पोट उघडावे लागले तर ते काम कठीण होणे. दर सिझेरियनबरोबर हा चौथा त्रास वाढतो.

४. पहिला उपाय : विनाकारण पोट उघडू नये

चिकटण टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ज्या शस्त्रक्रियेची गरज नाही ती न करणे. हे बोलणे सोपे वाटेल, पण आपल्या भागात त्याची फार जरुरी आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, व त्यांपैकी पुष्कळ आपल्या सोलापूर जिल्ह्यातील कारखान्यांवरही येतात. कोयत्यावर काम करणाऱ्या ह्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जातात, अशी ओरड २०१९ साली झाली. शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक! पुष्कळ जणी अजून तरुण होत्या.

हे का घडते ते आपण जाणतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही व पुरेसे पाणी नाही. अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि कोणीतरी भीती घालतो की, "पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल." जो रोग पुष्कळ वेळा गोळ्यांनी व स्वच्छतेने बरा झाला असता, त्याकरिता ती बाई कर्ज काढून पोट उघडून घेते. मग तीच बाई जखम पुरती भरण्यापूर्वी उसाची मोळी डोक्यावर घेते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तरुणपणीच हाडे कमजोर होऊ लागतात, आणि आतड्यांच्या चिकटणीचे भय जन्मभर राहते ते वेगळेच.

मार्काने वर्णिलेली रक्तस्रावी स्त्री आठवा. बारा वर्षे ती दुखणे भोगीत होती. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने हाल सोसले, जवळचे होते नव्हते ते खर्चिले, आणि तिला उतार न पडता दुखणे वाढतच गेले. प्रभूने तिला गर्दीत थांबविले, तिचे सारे बोलणे ऐकून घेतले व तिला कन्या म्हणून हाक मारली. आपल्या भगिनींचे ऐकून घेणारे कोणी असते, तर कित्येकींचे पोट उघडण्याची वेळ आली नसती.

म्हणून जेथे प्राणाचा तातडीचा धोका नाही तेथे दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घ्यावे. सोलापुरास डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्यास सर्व लोक सिव्हिल म्हणतात. तेथे दाखविल्यावाचून कोणीही भगिनी पिशवी काढण्यास कबूल होऊ नये. परंतु ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अपेंडिक्स सुजले, आतडे फुटले, किंवा मूल आडवे आले, तर क्षणाचाही विलंब न करिता शस्त्रक्रिया करून घ्यावी. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू पोटात पसरला म्हणजे चिकटण अधिक होते, म्हणून वेळेवर केलेली शस्त्रक्रिया हीसुद्धा चिकटण टाळण्याचाच उपाय आहे.

५. शस्त्रवैद्याचे काम

हे काम आपल्या हातचे नसले तरी ते समजून घ्यावे, म्हणजे डॉक्टरशी बोलता येईल. चांगला शस्त्रवैद्य आतडी हलक्या हाताने हाताळतो, ती कोरडी पडू देत नाही, रक्त साचू देत नाही, घाण धुऊन काढतो, व गरजेपेक्षा अधिक टाके घालीत नाही. पूर्वी हातमोज्यांस पूड लावीत. ती पोटात पडून चिकटण होते असे आढळल्यावर अमेरिकेत २०१७ सालापासून पूड लावलेले मोजे वापरण्यास बंदी झाली. जेथे शक्य असेल तेथे लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करितात. तिच्यात अस्तरास इजा कमी होते व चिकटणही बहुधा कमी होते, परंतु मुळीच होत नाही असे नाही.

काही शस्त्रक्रियांत पोट बंद करण्यापूर्वी इजा झालेल्या जागेवर एक पातळ पापुद्रा ठेवितात, किंवा विशेष द्रव सोडितात. पापुद्रा सुमारे आठवडाभर दोन पृष्ठभाग वेगळे ठेवून नंतर विरघळून जातो. ह्याने चिकटण कमी होते, तरी प्रत्येक पुढील त्रास टळेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तो कोठे वापरावा व कोठे नाही हे शस्त्रवैद्यच जाणतो. आपण एवढेच विचारावे : "ही शस्त्रक्रिया न केली तर काय होईल? दुर्बिणीने होईल काय? चिकटण कमी व्हावी म्हणून काय करिता येईल?" असे विचारणे उद्धटपणा नव्हे.

६. आजाऱ्याचे व घरच्यांचे काम

(अ) शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू, विडी व मशेरी सोडावी. तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. मधुमेह असल्यास तो ताब्यात आणावा.

(आ) डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दुसऱ्याच दिवशी, उठून बसावे व धरून धरून चालावे. चालल्याने चिकटण नक्की टळते असे सिद्ध झालेले नाही. परंतु आतडी लवकर काम करू लागतात, छातीत कफ साचत नाही, व पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय कमी होते. "बाळंतीण आहे, हलवू नका," असे म्हणून सिझेरियन झालेल्या सुनेस खाटेवर खिळवून ठेवणे ही माया नव्हे.

(इ) जखम स्वच्छ व कोरडी ठेवावी. हळद, राख किंवा शेण तिच्यावर लावू नये. ताप आला, जखमेतून पू आला किंवा ती लाल होऊन फुगली, तर त्याच दिवशी दाखवावे.

(ई) सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलू नये. पाण्याची घागर, सरपणाचा भारा व उसाची मोळी ही सर्व त्यात आली. ह्याचा मुख्य हेतू टाके उसवून हर्निया होऊ नये हा आहे.

(उ) प्रारंभी मऊ अन्न थोडे थोडे खावे. आपली कडक भाकरी व शेंगांची चटणी काही दिवस बाजूस ठेवून मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली ताजी भाकरी घ्यावी, चावून खावे व पाणी भरपूर प्यावे.

(ऊ) रुग्णालयातून मिळालेला कागद, ज्यावर काय शस्त्रक्रिया झाली ते लिहिलेले असते, तो घरातील पवित्र शास्त्राइतका जपून ठेवावा. दहा वर्षांनी तोच कागद डॉक्टरास वाट दाखवील.

७. धोक्याची चिन्हे

हा भाग उपदेशकाने मंडळीत दोनदा वाचून दाखवावा. ज्याच्या पोटावर जुन्या शस्त्रक्रियेची खूण आहे, त्यास पुढील चिन्हे दिसली तर आतड्याची वाट अडली असे समजावे :

पोटात कळा येऊन येऊन दुखणे; वारंवार ओकारी होणे, विशेषतः हिरवी; पोट फुगून ढोलासारखे होणे; शौच व वारा दोन्ही बंद होणे.

कळा थांबून दुखणे एकसारखे राहू लागले, ताप आला, किंवा पोटास हात लावू देववेना, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत आहे असे समजावे. मग तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नव्हे.

अशा वेळी आपल्या गावांत काय होते? कोणी म्हणतो वायगोळा आहे, कोणी म्हणतो बेंबी सरकली आहे. पोट चोळितात, एरंडेल पाजितात, बिब्बा घालितात, तापल्या सळईने डाग देतात, अंगारा लावितात. वाट बंद असलेल्या आतड्यास जुलाबाचे औषध देणे म्हणजे तोंड बांधलेली पखाल दाबणे होय. चोळल्याने बंध सुटत नाही, उलट कमजोर झालेले आतडे फाटण्याचे भय असते. बिब्ब्याने व डागाने केवळ कातडी भाजते. आणि ह्या सर्वांत जी रात्र जाते, तीच रात्र पुष्कळदा प्राण घेऊन जाते.

योग्य रीत ही : तोंडाने काही देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि जेथे शस्त्रवैद्य आहे अशा रुग्णालयात न्यावे. जुन्या शस्त्रक्रियेचा कागद बरोबर घ्यावा. शस्त्रक्रियेचे नाव ऐकून मागे हटू नये. पुष्कळ रुग्ण नाकातून नळी घालून, शिरेतून सलाईन देऊन व आतड्यास विश्रांती देऊन शस्त्रावाचूनच बरे होतात. पुन्हा पोट उघडल्याने नवी चिकटण होण्याचा संभव असतो, म्हणून डॉक्टर स्वतःच शक्य तोवर ते टाळितात. परंतु जेव्हा ते उघडणे अवश्य आहे असे सांगतात, तेव्हा उशीर करणे घातक आहे.

८. मंडळीचे कर्तव्य

काही लोक असे शिकवितात की, विश्वासणाऱ्याने रुग्णालयात जाणे म्हणजे अविश्वास दाखविणे. हिज्कीया राजाने अश्रू गाळून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप बांधावयास सांगितले. प्रार्थना व लेप एकाच अध्यायात आहेत. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. ज्या देवाने जखम भरण्याची शक्ती शरीरात घातली, त्यानेच शस्त्रवैद्याच्या हातास कुशलता दिली.

म्हणून प्रत्येक मंडळीने चार गोष्टी कराव्या. गावात कोणाकोणाच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे हे बायबल-बाईने प्रेमाने माहीत करून घ्यावे व त्यांस धोक्याची चिन्हे शिकवावी. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या भगिनीबरोबर एखाद्या वडील बाईने सिव्हिलमध्ये जावे, कारण एकट्या बाईस तेथे बोलण्याचा धीर होत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या घरी सहा आठवडे पाणी भरणे व दळण आणणे तरुण मंडळाने वाटून घ्यावे. आणि टोळी ऊसतोडीस निघण्यापूर्वी मुकादमाशी बोलून, दुखणाईत स्त्रीचा खाडा माफ व्हावा ह्याकरिता वडिलांनी रदबदली करावी. चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या एवढेच केले नाही. त्याने त्या मनुष्यास उतारशाळेत पोहोचविले व पुढचा खर्चही आपल्या अंगावर घेतला. जखम बांधणे एका घटकेचे काम आहे, ती भरेपर्यंत सोबत राहणे हे मंडळीचे काम आहे.

उजळणीचे प्रश्न

१. पोटाच्या आतील अस्तराचा उपयोग कोणता?
२. चिकटण बहुतकरून केव्हा तयार होते? तेलाने किंवा काढ्याने ती का जात नाही?
३. कोणती शस्त्रक्रिया टाळावी, व कोणतीस मुळीच विलंब करू नये?
४. शस्त्रक्रिया झालेल्याने लवकर चालावे ते कशासाठी?
५. आतड्याची वाट अडल्याची चार चिन्हे तोंडपाठ सांगा. तेव्हा काय करू नये?
६. आपल्या मंडळीत ह्या आठवड्यात कोणाच्या घरी पाणी भरावयास जाणे जरूर आहे?

प्रार्थनेचा विषय : ऊसतोडीस गेलेल्या भगिनी, शस्त्रवैद्य व परिचारिका, आणि ज्यांचे दुखणे अद्याप कोणी ऐकून घेतले नाही ते सर्व.